मूठभर केस

“मानेपर्यंत. विचारत बसू नका ताई, कापा,” असं म्हणून तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

नणंदेच्या हातात कात्री होती, पण ती चालवेना. वीस वर्षं पार्लर चालवून तिला एवढं कळलं होतं, की डोळे मिटून केस कापायला सांगणारी बाई चार दिवसांनी रडत येते. तिने कात्री ठेवून कंगवा घेतला. आधी गुंता तर काढू दे, म्हणाली.

बाळंतपणानंतर केस गळतात, हे तिने वाचलं होतं. पण इतके? उशीवर केस, टॉवेलवर केस. नवरा बिचारा चकार शब्द न काढता बाथरूमची जाळी साफ करायचा. मग तिने खाण्याचा नेम धरला. सकाळी भिजवलेले बदाम, रोज एक अंडं, पालक, आणि तीळ तर इतके चावले की जबडा दुखायला लागला. तासातासाला पाणी. झोपताना ओठांना साय. गाल तुकतुकीत झाले, ओठांची सालं गेली. केस मात्र ऐकायला तयार नव्हते.

त्यातच कुठेतरी वाचलं, की गळलेला केस तान्ह्या बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला तर बोट काळंनिळं पडतं. झालं. त्या दिवसापासून जागेपणी करकचून अंबाडा आणि वर रुमाल. तरीही ती दिवसातून तीनदा लेकीची वीसही बोटं तपासायची. नणंद तिला ‘हवालदारीण’ म्हणायची.

डाव्या हाताच्या बोटांवर तिची नजर जरा जास्त वेळ थांबायची. जन्मताना खांद्याला ओढ बसून त्या हाताची नस दुखावली होती. हात नुसता अंगाशी पडून असायचा. व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, नस आपली आपण भरून येते, धीर धरा. सहा महिन्यांत मूठ वळली नाही, तर मात्र ऑपरेशनचं बघावं लागेल. म्हणून त्या तळहातावर काय काय ठेवून झालं: खुळखुळा, रबरी कडं, कापडी सशाचा कान. बोटांनी कशालाच दाद दिली नाही. येत्या सोमवारी सहा महिने भरत होते. दवाखान्यात राहायची वेळ आली, तर तिथे केस कोण विंचरत बसणार? त्यापेक्षा नकोतच ते.

बाबागाडीत झोपलेली लेक जागी झाली आणि तिने भोंगा लावला. आईने मुलीला मांडीवर घेऊन आरशाकडे तोंड करून बसवलं. समोर दोन माणसं पाहून मुलगी गप्प झाली. नणंदेने केसांवर पाणी फवारलं, मधोमध भांग पाडला आणि दोन्ही बाजूंचे केस खांद्यांवरून पुढे घेतले. ओल्या बटा मुलीच्या अंगावर लोंबू लागल्या.

अचानक आईच्या डोक्याला हिसका बसला. मान तिरकी झाली, तरी ती हलली नाही.

मागे उभ्या असलेल्या नणंदेने आरशात पाहिलं. मुलीने आईच्या केसांचा झुबका मुठीत धरला होता आणि ती तो तोंडाकडे नेत होती. आहेत तेवढे तरी राहू देत गं आईला, असं म्हणत नणंद हसली. तेलाचं बोट लावलं की सुटतील, म्हणून बाटलीकडे हात न्यायला गेली, तर तिने नणंदेचं मनगट धरलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

एवढं दुखत असेल तर सोडवू तरी दे, नणंद म्हणाली. मग कौतुकाने पुन्हा आरशात बघत पुढे बोलली, “पण काही म्हण, पोरीच्या उजव्या हातात जोर आहे हो.”

“उजवा आरशात दिसतोय, ताई.”