पुलावरची वाट

थांब्यावर माणसं होती, पण बसमध्ये कोणी चढेना. ड्रायव्हरने दार उघडलं, थोडं थांबला, बंद केलं. माणसं बसकडे न बघता पुढे चालत राहिली. कोणाच्या खांद्यावर अवजारांची पिशवी, कोणाच्या हातात डबा. एका म्हातारीने चपलाच हातात घेतल्या होत्या. सकाळचं कोवळं ऊन सगळ्यांच्या पाठीवर होतं.

"चढा हो, जागा भरपूर आहे! आज आडवं होऊन चला!" कंडक्टर दारातून ओरडला.

"तूच हो आडवा," चालणाऱ्यांतली एक बाई म्हणाली. "तुला कुठे तिकीट पडतंय?"

आजूबाजूचे हसले. चिडून नाही, सहज हसले. ड्रायव्हरला तेच जास्त लागलं.

सरकारने बसचं अनुदान बंद केलं होतं. तिजोरीत खडखडाट आहे, असं मंत्र्यांनी सांगितलं आणि एका रात्रीत भाडं दुप्पट झालं. त्याच हुकुमात ड्रायव्हर-कंडक्टरांची पगारवाढही होती. वाढलेल्या भाड्यातूनच ती मिळायची होती. हुकूम काढणारा हुशार होता. जे बस बंद पाडू शकले असते, त्यांचंच तोंड त्याने आधी गोड केलं होतं. बाकीच्या शहराने कोणाला काही न सांगता चालायला सुरुवात केली. मंत्री म्हणाले, पाय दुखले की येतील परत.

ड्रायव्हरची बायकोही चालत होती. ती दवाखान्यात रोग्यांच्या चादरी धुवायची. ड्रायव्हरची बायको म्हणून तिला फुकट पास होता. तिला चालायची काही गरजच नव्हती.

"पास असताना पायपीट कशाला?" त्याने निघताना तिला विचारलं होतं. "चारचौघांत माझं नाक कापायला?"

"माझ्याबरोबर धुणाऱ्या बायकांना कुठे आहे पास?" चपलेचा पट्टा आवळत ती म्हणाली. "आणि तुमचं नाक जागच्या जागी आहे. बघा हात लावून."

"अगं, गाडी वेळेवर पोचली नाही तर घरी बसवतील मला. मग खायचं काय?"

ती डबा उचलून निघून गेली. आपलं माणूसही आपल्यावर उलटलं, असं समजून तो कामावर आला.

हुकूम कडक होता. बस रिकामी असली तरी पलीकडच्या टोकाला वेळेवर पोचली पाहिजे. ती वाटेत सोडणाऱ्याने पुन्हा कामावर यायचं नाही. दगडफेक होणार म्हणून काचांना जाळ्या बसवल्या होत्या. अजून एकही दगड आला नव्हता.

चढ संपला. आता पूल लागणार होता. नोकरीला लागल्यापासून तो या पुलावरून बस नेत होता. आज त्याला पूल दिसलाच नाही. माणसंच दिसली. या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत आणि पार पलीकडच्या काठापर्यंत, नुसती माणसं. झेंडा नाही, घोषणा नाही. फक्त पावलांचा आवाज. वरच्या अंगाला पाऊस होऊन नदीला पाणी येतं, तेव्हा लांबून येतो तसा.

"बाप रे," कंडक्टर म्हणाला. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. का काढली, ते त्यालाही कळलं नसावं.

गर्दीच्या मधोमध एका बाईने हात वर केला. ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. हात दिसला की थांबायचं, एवढंच त्या पायाला ठाऊक होतं. मग तिच्या पुढच्याने हात वर केला, मग त्याच्या पुढच्याने. बघता बघता पूलभर हात उभे राहिले. अडवलं, त्याला वाटलं. त्याने त्या पहिल्या बाईकडे नीट पाहिलं. ती त्याचीच बायको होती.

त्याचं डोकं सणकलं. त्याने पहिला गिअर टाकला. हॉर्न वाजवून, इंचाइंचाने का होईना, तो बस काढणारच होता. पोटाचा प्रश्न होता.

"सरका गं, सरका रे!" बायकोचा आवाज आला. "आपल्या माणसाची गाडी आहे. त्याची वेळ चुकवू नका!"

ते हात त्याच्यासाठी नव्हतेच. ते पुढच्यांना सांगत होते. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि पूल मधोमध उघडत गेला. बापांनी पोरं खांद्यावर घेतली. बायका कठड्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. म्हाताऱ्यांना कोणी कोणी धरलं. जिथे मुंगीला जागा नव्हती, तिथे बसच्या रुंदीची वाट झाली, थेट पलीकडच्या काठापर्यंत. कोणाचा धक्का कोणाला लागला नाही. पोलिसांच्या शिट्टीने, मंत्र्याच्या गाडीसाठीही माणसं अशी बाजूला झालेली त्याने कधी पाहिली नव्हती.

बायको खिडकीखाली आली. चेहरा घामाने निथळत होता.

"अहो, बघत काय बसलात? निघा ना! नोकरी सांभाळा तुम्ही. चालायला आम्ही आहोत."

तो समोर बघत राहिला. दोन्ही बाजूंना माणसं श्वास रोखून त्याच्या जाण्याची वाट पाहत होती. त्याने किल्ली फिरवली. इंजिन थांबलं.

"दादा, वेड लागलं का?" कंडक्टर मागून ओरडला. "जन्माची नोकरी जाईल! आणि कोणी अडवलंय तरी कुठे आपल्याला?"

"अडवलं असतं तर गेलो असतो," ड्रायव्हर म्हणाला आणि दार उघडून त्यांच्यात उतरला.