सदर कुंडीबाबत

बुधवारी सकाळी ऑर्किडला फूल आलं. पांढरं, तळहाताएवढं, मधोमध पिवळा ठिपका. सोमाजीनं ते पाहिलं, डोक्यावरची शिपायाची टोपी काढून त्यावर ठेवली आणि फूल आलं नाही असं ठरवलं. घर त्याचं, टोपी त्याची. आपणही तसंच समजून पुढं जाऊ.

तर, ऑर्किडला फूल आलेलं नव्हतं.

कुंडी उर्वशीनं आणली होती. नागपूरच्या डॉक्टरनं तिच्या आईचे, आनंदाबाईचे, कागद पाहिले, पिशवीत परत भरले आणि सांगितलं, घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला, पोळ्यापर्यंत आहेत असं धरा. लेकीला काय करावं सुचेना, म्हणून तिनं दवाखान्यासमोरच्या दुकानातून फुलाची कुंडी घेतली. घरी, आंबागडात, ती फुलं अडीच महिने टिकली. पोळ्याच्या आठवड्यात शेवटचं गळलं. आनंदाबाईनं खाटेवरून त्या भुंड्या दांडीकडे पाहिलं आणि जाहीर केलं, "याले आणखी एक डाव फुलताना पायीन, मंगच जाईन."

बाई शब्दाची पक्की होती. धानाच्या रोवणीच्या दिवसांत ही बांधी सांजपर्यंत उरकते म्हणाली की उरकायची, मग पाठ मोडो की पाऊस पडो. पोळा झाला. दिवाळी झाली. संक्रांतही झाली. डॉक्टरला फोन लावला तर त्यानं पेशंटचं नाव दोनदा विचारलं.

सुरुवातीला सोमाजीनं जीव लावून केलं. उर्वशी व्हिडिओ पाहून फोनवर सांगायची, "बाबा, पूर्वेच्या खिडकीत ठेवजा. पाणी आठ दिवसांतून एकदाच. ते धान नोहे, चिखलात नोका ठेवू." त्यानं पानं ओल्या फडक्यानं पुसली, खत चिमटीनं मोजून दिलं, जुनी दांडी सांगितलेल्या गाठीवर कापली. झाड ढिम्म. तरी तो हटला नाही. बायकोची इच्छा होती. इच्छेचा दुसरा अर्धा भाग त्यानं नीट ऐकला नव्हता.

तो दिवाळीनंतर ऐकू आला. आनंदाबाईनं शेजारच्या बेबीबाईला बोलावून पाण्याचा पितळेचा गुंड देऊन टाकला. परात मनकर्णाबाईला. पेटीतलं हिरवं लुगडं काढायला लावून उशाशी ठेवलं.

"हे काहून?" सोमाजीनं विचारलं.

"फुलन तवा धावपळ नोको," ती म्हणाली.

त्याच दुपारी कुंडी खिडकीतून हलली. "त्याले आराम पायजे म्हणते उर्वशी," असं सांगून सोमाजीनं ती मागच्या पडवीवजा सपरीत, पाण्याच्या रांजणामागं, ऊन पोचत नाही अशा गार कोपऱ्यात नेऊन ठेवली. खत बंद. पुसणं बंद. लेकीचा व्हिडिओ तो आता उलटा पाळत होता. झाड मारायचं नव्हतं. मेलं असतं तर आनंदाबाईला वाट पाहायला काही उरलं नसतं. फक्त ते फुलू द्यायचं नव्हतं.

मार्गशीर्षात झाडानं नवी दांडी काढली.

सोमाजीनं घाबरून फोन केला. लेक हरखली. "गारव्यात ठेवलं का बाबा? तेच तं पायजे होतं त्याले. खोलीत गरम होऊन रायलं होतं. तुमी तं एक्सपर्ट झाले."

दोन महिने मायेनं केलं तेव्हा पान हललं नाही, आणि वाईट चिंतलं तर सात कळ्या. सोमाजीनं तीनदा खुडायला कळीवर चिमूट ठेवली. धानातलं निंदण उपटलेला हात, कळी म्हणजे काय. तिन्ही वेळा आतून आनंदाबाई खोकली.

मग बुधवारी, म्हणजे जो बुधवार उजाडलाच नाही त्या बुधवारी, पहिली कळी उघडली.

तो बोडक्या डोक्यानं आत आला.

"टोपी कुठी गेली?" आनंदाबाईनं विचारलं.

"वाळत घातली."

"फुललं का हो ते?"

"नाई."

"फुललं असन तं सांगून द्या, उर्वशीचे बाबा. लय दुखून रायलं आता. मी निस्ती शब्दासाठी थांबून आहो."

सोमाजीनं हो म्हणायला तोंड उघडलं.

"नाई फुललं," तो म्हणाला.

आणि मागच्या सपरीत येऊन, टोपी घातलेल्या कुंडीशेजारी बसला.

तालुक्याच्या एका कचेरीत त्यानं तेहतीस वर्षं फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेल्या होत्या. तेवढ्या वर्षांत त्याला एकच गोष्ट कळली होती: जिची लेखी परवानगी मागितली, ती गोष्ट होत नाही. एका माणसानं विहिरीसाठी अर्ज केला होता. आता त्याचा नातू चौकशीला येतो. विहीर कधी खोदलीच नाही, म्हणून ती कधी आटलीही नाही.

सोमाजीनं कोरा कागद मांडीवर घेतला, समास सोडला आणि त्याच्या वळणदार अक्षरात लिहिलं:

"प्रति, मा. साहेब. अर्जदाराचे घरी एक कुंडी असून तीत एक झाड आहे. अर्जदाराच्या पत्नीस त्याबाबत होकार देणे अर्जदाराच्या अधिकारात येत नाही. सबब सदर झाडास फुलण्याची रीतसर परवानगी मिळावी, आणि ती मिळेपर्यंत ते फुललेले नाही असे समजण्यात यावे, ही नम्र विनंती."