पहिलं अक्षर

ज्येष्ठ नागरिक संघाच्या पडद्याला स्वतःचा लॅपटॉप जोडून श्रीरंगनं दोन ब्राउझर शेजारीशेजारी उघडले. “डावा चित्रं झकास दाखवतो, उजवा वेगवान आणि सुरक्षितही.” पहिल्या रांगेतली त्याची आई प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती.

“याला एक अक्षर पुरतं, बाकीचं तो ओळखतो,” म्हणत आजचं पंचांग शोधायला त्यानं ‘आ’ टाइप केलं. पडद्यावर त्याचाच कालचा शोध हातभर अक्षरांत उमटला, ‘आईच्या सहीशिवाय घर विकता येतं का’.

श्रीरंगला माउस हलवायचंही सुचेना.

आईनं चष्मा काढून पदराला पुसला. “मला इतक्या लांबचं वाचता येत नाही रे,” ती मोठ्यानं म्हणाली. “तू पुढचं शिकव.”

लांबचा तो चष्मा त्यानंच गेल्या आठवड्यात करून आणला होता.