फोटो कुणाचा

“तू झोपली होतीस. तोंड उघडं टाकून, माझ्या खांद्यावर,” धाकटी म्हणाली.

थोरलीने तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. तिने विभागप्रमुखांना सांगितलं की सर, हिची ही लहानपणापासूनची खोड आहे, दुसऱ्याच्या ताटातलं दिसलं की ओढलंच.

विभागप्रमुखांनी कपाळ चोळलं. समोर टेबलावर तो फोटो पडला होता. घाटातलं वळण, मावळतीचा उजेड आणि रस्त्याच्या कडेला दोन्ही हात वर केलेला एक म्हातारा. तोंड उघडं, सदरा वाऱ्याने फुगलेला. नाव दिलं होतं ‘निरोप’. स्पर्धेच्या परीक्षकांना त्यात निखळ आनंद दिसला. फोटो वर्तमानपत्रात झळकला, विद्यापीठाच्या दारावर मोठा करून लागला. बक्षीस म्हणजे वर्षभर परदेशात जाऊन फोटोग्राफी शिकायची, तीही फुकट. जागा एक आणि हक्क सांगणाऱ्या दोघी.

खरा घोळ मामाने घातला होता. दोघी मावसबहिणी एकाच विभागात, वसतिगृहातही एकाच खोलीत, म्हणून त्याने दोघींत मिळून एकच कॅमेरा घेऊन दिला. वर, गोडीगुलाबीने वापरा गं, असा आशीर्वाद. विभागाच्या सहलीत कॅमेरा या हातातून त्या हातात फिरला. फोटो दोघींच्या नावाने पाठवला, कारण त्याला कुत्रंही विचारील असं तेव्हा कुणालाच वाटलं नव्हतं. बक्षीस लागलं आणि गोडीगुलाबी गेली चुलीत. थोरलीने चार्जर लपवला. धाकटीने तिच्या चपला जिन्यावरून खाली भिरकावल्या. तिकडे दोघींच्या आया, सख्ख्या बहिणी, त्यांनी एकमेकींना फोन करणं सोडलं.

धाकटी इरेला पेटली होती त्याला कारण होतं. आयुष्यभर तिने थोरलीचं उतरलेलं वापरलं. फ्रॉक थोरलीचे, पुस्तकं थोरलीची, सायकलही थोरलीचीच, तीसुद्धा घंटा तुटलेली. हा फोटो तेवढा तिचा होता. आणि तो खरोखरच तिचा होता. खिडकीशी तीच बसली होती.

पण सिद्ध कसं करायचं? बाकीची बस दमून पेंगत होती. बस भाड्याची, ड्रायव्हर कोण कुठला, आता त्याला कुठे शोधायचं?

कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. फोटोतल्या म्हाताऱ्याची मुलगी. वर्तमानपत्र बघून आली होती आणि फोटो काढणारीला भेटायचंय, एवढंच म्हणत होती. विभागप्रमुखांनी तिला जरा थांबायला सांगितलं होतं, कारण काढणारी कोण तेच आधी ठरायचं होतं. बाई आभार मानायला आली असणार, असं धाकटीने धरलं. आता तर माघार घेणं शक्यच नव्हतं.

शेवटी विभागप्रमुख म्हणाले, त्या वेळी नेमकं काय झालं ते दोघींनी सांगा, जिने काढला तिला आठवेलच.

थोरली अडखळली. म्हातारा हसत होता, मी हिच्या अंगावरून वाकले आणि काढला, यापुढे तिची गाडी सरकेना.

धाकटीने मात्र सगळं धडाधड सांगितलं. म्हातारा तिला लांबूनच दिसला. आधी रस्त्याच्या मधोमध होता, बस हळू झाली तसा कडेने पळत आला. त्याने बसच्या पत्र्यावर थापा मारल्या. तिने काच सरकवली, हसून त्याला हात केला, आणि तो मागे पडता पडता फोटो घेतला. ड्रायव्हरकाकांनी आरशातून विचारलंही होतं, काय म्हणतोय तो, थांबवू का?

“मी म्हटलं, नको काका, टाटा करतोय. चला लवकर, वर पोचेस्तोवर उजेड जाईल.”

विभागप्रमुखांनी पेन खाली ठेवलं. एवढं कुणी बनवून सांगत नाही, म्हणाले. फोटो हिचाच.

थोरलीचा चेहरा खर्रकन उतरला. धाकटीला आभाळ ठेंगणं झालं. तिने थोरलीकडे असं बघितलं, की सगळ्या जुन्या फ्रॉकांचे पैसे वसूल झाले.

बाई उठून उभी राहिली. तिने आवाज चढवला नाही.

“टाटा नव्हता तो. वळणाखाली आमची गाडी उलटली होती. आई आत अडकली होती, पण जिवंत होती. तुमच्या बसनंतर अंधार पडेपर्यंत त्या रस्त्याने दुसरं काही आलं नाही.” तिने टेबलावरचा फोटो उचलला, नाव वाचलं आणि परत ठेवला. “आई पहाटे गेली. बाबा अजून विचारतात, ती पोरगी माझ्याकडे बघून हसली का? मला तिला एकदा बघायचं होतं. कोण होती?”

विभागप्रमुख खिडकीबाहेर बघत राहिले.

थोरलीच आधी बोलली, मान खाली घालून. “सर, ही म्हणते ते खरं आहे. मी झोपले होते.”

“खोटं बोलतेय ती,” धाकटी म्हणाली. “फोटो ताईचाच आहे.”