राहीबाईचा डबा

भीमपूर नवं मंडल, म्हणजे तालुक्याचं गाव, झालं, त्या दसऱ्याच्या तोंडावर महिपतनं पैनगंगेवरच्या आपल्या डोंग्यात आपोआप चालणारा पंप बसवला. तळाशी पाणी साचलं की प्लास्टिकचा गोळा तरंगत वर यायचा आणि पंप सुरू व्हायचा. उभा जन्म तेच पाणी डब्यानं उपसणाऱ्या राहीबाईला, आपल्या आईला, तो म्हणाला, “माय, आता तुले डोंग्यात काही काम नाही. रोज गोळ्याभोवतीचा काडीकचरा तेवढा काढत जाय. गोळा अडकला त पंप सुरू होत नाही.”

दरवर्षी दसऱ्याला वल्ह्यासोबत तिच्या डब्यालाही हळदकुंकू लागायचं. यंदा महिपतनं पंप पुजला आणि डबा कोंबड्यांना पाणी प्यायला ठेवला. राहीबाईनंही पंपाला कुंकू लावलं, लाल दोरा बांधला.

दुसऱ्या दिवशी डोंगा काठालाच बुडालेला. पंप सुरूच झाला नव्हता.

“माय, दोऱ्यानं गोळाच काऊन आवळला?” महिपत ओरडला.



राहीबाईनं कोंबड्यांपुढचा डबा उचलला, घासला आणि त्याच्या हातात दिला. “घे. आता तू उपस.”