पाठीवरची पट्टी

"उटणं पास झालं," शैलजाच्या पाठीवरची पट्टी काढत डॉ. मुल्ला म्हणाल्या, "पण तुम्हाला ते चालत नाही."

शैलजाला वाटलं, आपल्या ऐकण्यातच काही चुकलं. आईच्या पद्धतीचं उटणं कुटून विकण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. मोठ्या दुकानांत ठेवायचं तर आधी चाचणी हवी, म्हणून ती संगमेश्वरहून पुण्याच्या या प्रयोगशाळेत आली होती. चाचणीला आलेल्या बायका उटण्याची पट्टी पाठीवर लावून घ्यायला बिचकल्या, तेव्हा तीच पुढं झाली होती. "आधी मला लावा. माझ्या आईचं उटणं आहे, काही होत नाही!"

त्या सगळ्यांच्या पाठी स्वच्छ होत्या. हिच्याच पाठीवर लालभडक चट्टा उठला होता.

"यातल्या कशाचं तरी तुम्हाला वावडं आहे. हातांना खाज येत नाही कधी?"

"येते की. पण ती भांड्यांच्या साबणानं."

"घरात आणखी कुणाला यायची?"

"आईला. तिचे तर हात फुटायचे. शेवटी शेवटी घासही धरवत नव्हता."

डॉक्टरांनी अहवाल पुढं केला. "बाकी कुणाला काही झालं नाही. खुशाल विका."

शैलजानं तो घेतला खरा, पण आभार मानावेत की कसं, तिला सुचेना. हात फार चुरचुरले की आई तेच उटणं दुधात कालवून लावून घ्यायची. आणि लावून द्यायची शैलजा.