वरच्या मजल्यावरचं कुलूप

वरच्या मजल्यावरून पुन्हा नकार आला, तेव्हा पाणीवाल्या बाईंनी तो कागद सहायिकेच्या टेबलावर आपटला. "बस झालं. आता समितीपुढेच जायचं."

संस्था सरकारी, संशोधन जनतेच्या पैशातलं, पण दोन मजल्यांमध्ये विस्तव जात नव्हता. खाली पाणी शाखा, बाई तिच्या प्रमुख. वर खडक शाखा. जमिनीत कुठे, किती खोल चांगलं पाणी आहे याचे नकाशे तिथल्या कपाटात वर्षानुवर्षं धूळ खात पडलेले. खडक शाखेच्या प्रमुखांना सगळी इमारत पाठीमागे 'कुलूपसाहेब' म्हणायची. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

डोंगरापलीकडच्या वस्त्यांत पाण्यातल्या क्षारांनी पोरांचे पाय वाकत चालले होते. क्षार कोणते, ते बाईंनी शोधून काढलं होतं. चांगलं पाणी कुठे, ते कुलूपसाहेबांच्या कपाटात होतं. नव्या विहिरी खणणारी यंत्रं आता निघणारच होती, आणि नकाशाविना ती पुन्हा त्याच खराब थरात घुसणार होती. या विचाराने बाईंचा जीव टांगणीला लागला होता.

"मॅडम," सहायिका चाचरत म्हणाली, "एकदा नुसतं तोंडी मागून बघितलं असतंत तर? तुम्हाला काय अवघड होतं?"

"मागच्या दाराने आणलेला नकाशा चोरीचा. तो ना छापता येत, ना गावाला दाखवता येत. मला तो लपूनछपून बघायचा नाहीये गं, चव्हाट्यावर आणायचाय!"

सहायिका गालातल्या गालात हसली आणि कामाला लागली.

समितीच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा नवरा भांडी घासत होता. घरात ऑफिसचा विषय काढायचा नाही, हा त्यांचा लग्नानंतरचा पहिला करार. तो अजूनपर्यंत मोडला नव्हता. पण बाईंचा चेहराच असा पडलेला होता की त्याने ओले हात पुसले आणि समोर खुर्ची ओढून बसला.

"आजच्यापुरता करार मोडू. समज, मी कुलूप. हं, बोला बाई!" त्याने आवाज जड केला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला. "नकाशे अपुरे आहेत. आणि लोकांना त्यातलं काय कळणार?"

बाईंना हसू फुटलं. "तो असा नाही बोलत."

"मग कसा बोलतो?"

"याहून वाईट!"

नवराही हसला आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "अपुरे म्हटलं की लगेच विचार, किती अपुरे? गोल गोल उत्तर चालवून घेऊ नकोस. आणि लोकांना कळणार नाही म्हटलं, तर विचार, आजवर कधी दाखवून बघितलंत का?"

सकाळी बाईंनी त्याच्या शर्टाच्या खिशात खोकल्याच्या गोळ्या कोंबल्या. "दिवसभर घसा फोडू नकोस." तो नेहमीसारखा त्यांच्या आधी निघून गेला.

सभागृहात दोन्ही मजले लोटले होते. नियम असा, की शाखेच्या प्रमुखाला परस्पर काही देता येत नाही. त्याने शाखेची बाजू मांडायची, निकाल समितीचा. टेबलाच्या टोकाला अध्यक्षबाई बसल्या होत्या. कुलूपसाहेब समोर बसले होते, मान खाली घालून कागद चाळत.

"नकाशे अपुरे आहेत," ते म्हणाले.

"किती अपुरे?" बाईंनी विचारलं.

कुलूपसाहेब घुटमळले. "एका कोपऱ्यातली मोजणी राहिली आहे."

"डोंगरापलीकडचा भाग पूर्ण आहे?"

"तो... पूर्ण आहे."

सभागृहात कुजबुज झाली.

"पण सामान्य माणसाला त्यातलं काही कळणार नाही."

"आजवर कधी दाखवून बघितलंत?"

साहेब पुन्हा कागद चाळू लागले. बाईंना वाटलं, जिंकलो. तेवढ्यात कुलूपसाहेबांनी प्रथमच मान वर केली.

"मॅडम, नकाशा खुला केला की टँकरवाले आधी धावतील. चांगल्या पाण्याच्या जागा विकत घेतील, आणि गाव बसेल बघत. त्याचं काय?"

बाईंनी समोरची टिपणं उलटली. याची तयारी नव्हती. सहायिकेने ओठ चावला. अध्यक्षबाई वाट बघत होत्या.

बाईंच्या डोळ्यांपुढे ती वाकड्या पायांची पोरं आली, आणि शब्द आपोआप सुटले. "टँकरवाल्यांना आजही वास लागतोच, साहेब. पैसे टाकून ते हवी ती माहिती काढतात. अंधारात आहे ते फक्त गाव. म्हणून मी एकट्या माझ्या शाखेसाठी मागतच नाही. सगळ्यांना द्या, एकाच वेळी. ग्रामसभेच्या भिंतीवर लावा. सगळे एका रेषेवर उभे असले की आधी धावणार कोण?"

अध्यक्षबाईंनी शेजारच्या सदस्यांकडे बघितलं आणि मान डोलावली.

"खडक शाखेचे सर्व नकाशे आजपासून सर्वांसाठी खुले. यंत्रं निघतील ती नकाशे घेऊनच."

टाळ्यांनी छत उडायचं बाकी राहिलं. आश्चर्य म्हणजे वरचा मजलाही टाळ्या वाजवत होता. सहायिकेने बाईंना मिठीच मारली. बाईंचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

कुलूपसाहेब उठले. कपाटाची किल्ली त्यांनी बाईंसमोर ठेवली आणि सभागृह रिकामं होईपर्यंत तिथेच उभे राहिले. मग शर्टाच्या खिशातून खोकल्याची एक गोळी काढून तोंडात टाकली.

"टँकरवाल्यांचा प्रश्न काल घरी मुद्दाम विचारला नव्हता. उत्तर पाठ केलेलं वाटलं असतं," ते म्हणाले. "चल, जाताना दूध घ्यायचंय."